वाऱ्यावर चालणारं गाव

दोस्तांनो, पतंग उडवताना वारा जोरात सुटला की मांजा हाताला कसा ओढ देतो, आठवतंय ना? आता असं समजा, की तो पतंग तुमच्यापेक्षाही मोठा आहे. मांजा नाहीच, पतंग थेट दोन्ही हातांत धरलाय आणि पायाखाली जमीन नाही, समुद्र आहे! घाबरलात? मग चला डेन्मार्कला, क्लिटम्योलर नावाच्या गावी.

हे लहानसं कोळ्यांचं गाव जटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर आहे. समोर उत्तर समुद्र, पार ब्रिटनपर्यंत वाऱ्याला अडवायला कुणी नाही! बंदरही नाही. त्यामुळे होड्या सरळ पुळणीवर ओढून ठेवतात. ‘क्लिट’ म्हणजे वाळूची टेकडी. या टेकड्यांवर जे गवत डोलताना दिसतं, ते नुसतं शोभेचं नाही बरं का! पूर्वी इथला वारा वाळू उडवून शेतंच्या शेतं गाडून टाकायचा. तेव्हा १७९२ साली राजानं कायदा केला आणि वाळू धरून ठेवणारं गवत लावायला सुरुवात झाली.

तोच वारा आज पाहुणे बोलावतो. आधी शिडाच्या फळीवरून लाटांवर खेळणारे आले. सुरुवातीला कोळ्यांचं आणि त्यांचं पटेना. पुळण एकच, होड्यांनाही तीच हवी आणि फळ्यांनाही! पुढे बोलणी झाली, एकमेकांची सवय झाली. २०१० सालापासून इथे विंडसर्फिंगच्या जागतिक स्पर्धा होऊ लागल्या. गावाला टोपणनाव मिळालं, ‘थंड हवाई’. हवाई बेटांसारख्या लाटा, पण पाणी मात्र गारेगार! भर उन्हाळ्यातसुद्धा अंगात जाड रबरी पोशाख हवाच.

आता तिथे दिसतं विंगफॉइलिंग. पंपानं हवा भरलेला पंख हातात धरायचा आणि फळीवर उभं राहायचं. फळीच्या खाली साधारण हातभर लांब दांडा असतो आणि त्याच्या टोकाला चिमुकलं विमानच! वाऱ्यानं पंख ओढला की फळी धावू लागते. वेग वाढला की खालच्या विमानाच्या पंखांना पाणी वर ढकलतं. आणि मग काय, फळी पाण्याबाहेर! लाटा खालून जातात आणि माणूस आवाज न करता वरून तरंगत निघतो.

तुम्ही म्हणाल, एवढासा पंख माणसाला कसा पेलतो? अहो, पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट! म्हणून विमानाला मोठे पंख लागतात, इथे लहान पुरतात. ही युक्ती जुनीच आहे. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल आठवतात? त्यांच्या मंडळींनी बनवलेली अशीच एक बोट १९१९ साली कॅनडात ताशी ११४ किलोमीटर वेगानं धावली होती. पाण्यावरच्या वेगाचा तो त्या वेळचा जागतिक विक्रम!

पण या खेळात खरी परीक्षा ताकदीची नाही, वारा ओळखण्याची आहे. क्लिटम्योलरला पश्चिमेचा वारा असेल, तर चुकलेला खेळाडू लाटांबरोबर किनाऱ्याकडे येतो. वारा पूर्वेचा असेल, तर तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्याजवळ पाणी अगदी शांत, गोड दिसतं. आणि तेच फसवं! हवा भरलेला पंख हातात, दमलेले हात, गार पाणी... माणूस बघता बघता दूर जातो. म्हणून जाणती माणसं पाण्याकडे बघण्याआधी वाऱ्याकडे बघतात. नवशिके तर समुद्र सोडून जवळच्या तळ्यावर शिकतात. पायाला दोरी, डोक्यावर शिरस्त्राण, अंगात तरंगतं जाकीट आणि सोबत कुणीतरी, हे तर हवंच.

ही वाऱ्याची खूण तुम्हालाही उपयोगी पडेल. पुढच्या सुट्टीत समुद्रावर गेलात, की बोट ओलं करून वर धरा. ज्या बाजूनं गार लागेल, तिकडून वारा येतोय. पाठीमागून, म्हणजे जमिनीकडून आला, तर हवा भरलेली ट्यूब त्या दिवशी पाण्यात न्यायची नाही. आईबाबांनाही ही युक्ती दाखवा हं!