शिवडीची शेवरोले, डिअरबॉर्नचे तळघर

डिअरबॉर्नला मुलाकडे पोहोचलो तेव्हा डिसेंबर सुरू झाला होता. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात डेट्रॉइटला अगदी खेटून असलेले हे शहर. फोर्ड कंपनीचे मुख्यालय येथेच आहे. वॉरन अ‍ॅव्हेन्यूवर दुकानांच्या पाट्या अरबीत, बेकरीच्या दारात गरम रोटीचा वास, हलाल गोश्ताच्या दुकानात जुम्याच्या आदल्या दिवशी रांग. सूनबाई फोनवर म्हणाली होती, "अब्बा, इथं तुम्हाला परकं वाटायचं नाही." शहर परके वाटले नाही, हे खरे. परका वाटला तो नातू. वय बारा. माझे मराठी त्याला अर्धेच कळे आणि त्याचे इंग्रजी मला त्याहून कमी. सलाम करायचा, खाली मान घालून जेवायचा आणि तळघरात निघून जायचा.

एका रात्री इशाची नमाज झाल्यावर मीही जिना उतरलो. टेबलावर दिवा, चिमटे, कानस, रंगाच्या बाटल्या आणि प्लास्टिकचे शंभरेक तुकडे. ईदीचे पैसे जमवून त्याने गाड्यांची किट्स घेतली होती. माझ्या मनात पहिला शब्द आला तो इसराफ, उधळपट्टी. तो तोंडावर आलाही असता, पण तेवढ्यात खोक्यावरचे चित्र दिसले आणि मी खुर्ची ओढून बसलो. 1951 ची शेवरोले.

माझे मरहूम अब्बा म्हसळ्याहून मुंबईला गेले आणि एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर झाले. त्या शेठची गाडी 1951 ची शेवरोलेच होती. अब्बांनी ती एकोणीस वर्षे चालवली, पुसली, स्वतःच्या मुलासारखी जपली. आम्ही भावंडे तिच्यात एकदाही बसलो नाही. घरात अब्बांचा एकच फोटो आहे. गाडीशेजारी उभे, दोन्ही हात पाठीमागे. अम्मी सांगायची, पॉलिशवर बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून.

नातवाला हे कसे सांगावे? मोबाइलमधला फोटो काढून दाखवला. त्याने तो मोठा केला, समोरची जाळी पाहिली, खोक्यावरच्या चित्राशी ताडून पाहिली आणि माझ्यासाठी दिव्याचे तोंड वळवले. त्यानंतर रोज रात्री मी खाली जाऊ लागलो.

या गाड्या 1:25 या प्रमाणात असतात. खरी शेवरोले साधारण पाच मीटर लांब, म्हणजे ही वीस सेंटिमीटर. वीतभर म्हणा. सुटे भाग प्लास्टिकच्या काड्यांच्या चौकटीला फांदीवरच्या कैऱ्यांसारखे लटकलेले असतात. ते कापून घ्यायचे, कडा घासायच्या, बॉडी साबणाच्या पाण्याने धुवायची, कारण साच्यातून आलेल्या तेलकट थरावर रंग धरत नाही. चकाकत्या क्रोमच्या भागावर डिंक चिकटत नाही, म्हणून जोडायच्या जागी क्रोम खरवडायचे. हा डिंकही खरे तर डिंक नव्हे; तो प्लास्टिकच विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो. चुकलात तर सुटका नाही. माझ्या अंगठ्याचा ठसा इंजिनाच्या एका बाजूवर कायमचा बसला आहे.

मला वाटले होते, हा कुठल्या तरी दूरच्या खेळण्यांच्या कंपनीचा उद्योग असेल. पण त्याची मुळे याच परिसरात निघाली. एएमटी ही कंपनी 1948 मध्ये येथून जवळच्याच ट्रॉय गावात उभी राहिली. सुरुवातीला ती गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी तयार मॉडेल बनवी. नवी गाडी बाजारात आली की शोरूममध्ये तिची छोटी प्रतिकृती, कारखान्याच्याच रंगात. बाप गाडीचा सौदा करी आणि पोराच्या हाती ती येई. त्या काळचे प्लास्टिक वर्षे गेली की वाकडे होई. जुन्या प्रतिकृती आज धनुष्यासारख्या वाकलेल्या दिसतात. मग 1958 मध्ये कंपनीने न जोडलेले किट काढले आणि त्यात एक नवी कल्पना घातली. एकाच खोक्यात तीन गाड्यांचा मसाला: कारखान्यातून आली तशी, शर्यतीची, किंवा 'कस्टम', म्हणजे आपल्या मर्जीची. ते साचे पुढे अनेक कंपन्यांच्या हातून फिरले, तरी खोक्यावर ते नाव अजून आहे.

मुलांना घडवण्याचा याहून जुना उद्योगही डेट्रॉइटचाच. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने 1930 पासून 1968 पर्यंत मुलांसाठी मॉडेल बनवण्याची स्पर्धा चालवली. आधी राजेशाही बग्गी बनवावी लागे, 1937 पासून स्वतः कल्पिलेली मोटारही चालू लागली. बक्षीस म्हणजे विद्यापीठाची शिष्यवृत्ती. 1947 चा विजेता चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. हे कळल्यावर इसराफ हा शब्द मी गुपचूप परत घेतला. सगळाच नाही, रंगाच्या एका डब्याची किंमत रुपयात करून पाहिली की अजून छातीत धस्स होते.

शहराच्या दक्षिण टोकाला फोर्डचा रूज कारखाना आहे. त्याच्या भरभराटीच्या काळात, 1930 च्या दशकात, तेथे एक लाखाहून अधिक माणसे कामाला होती. लेबनॉन, सीरिया, येमेनमधून आलेली मुसलमान कुटुंबे याच कारखान्याच्या आधाराने भोवती वसली आणि त्यांनी जवळच डिक्स रस्त्यावर मशीद उभारली. तेथे जुम्यानंतर एक निवृत्त येमेनी बुजुर्ग भेटले. मुलगा दुभाषा झाला. त्यांनी मस्टँगच्या लाइनवर काम केले होते, 2004 पर्यंत ती गाडी येथेच बनत असे. काय काम, विचारले तर म्हणाले, उजवा दरवाजा. वर्षानुवर्षे उजवा दरवाजा. डावा बसवणाऱ्याला ते ओळखत होते, पण तो दरवाजा कसा बसतो हे त्यांना कधी कळले नाही. त्यांच्या मुलांनी घरी मस्टँगचे किट जोडले तेव्हा बापाने पहिल्यांदा पूर्ण गाडी आपल्या हाताने केली. हे सांगताना ते हसले. मला मात्र हसू आले नाही.

कस्टमचे वेडही तेव्हापासून समजू लागले. डेट्रॉइटच्या अलेक्झांडर बंधूंनी डॉज कंपनीची साधी मालवाहू गाडी कापून 'डिओरा' नावाची अजब गाडी बनवली. तिला 1967 मध्ये येथल्या ऑटोरामा प्रदर्शनाचे रिडलर पारितोषिक मिळाले आणि एएमटीने तिचे किट काढले. कारखान्याने दिलेले जसेच्या तसे का घ्यायचे, हा त्यामागचा हट्ट. दाराच्या मुठी काढून भोके बुजवतात, त्याला 'शेव्ह' म्हणतात. छप्पर कापून खाली बसवतात, तो 'चॉप'. खऱ्या गाडीत चार इंच, तर मॉडेलमध्ये चार मिलिमीटर. खांब बारीक करवतीने कापायचे, पुटीन भरायचे, घासायचे, पुन्हा भरायचे.

नातवाने शेवरोलेच्या खांबांवर चिकटपट्टीने खुणा केल्याच होत्या. छप्पर चॉप, वर नारिंगी ज्वाळा. मी म्हणालो, "नाही. पणजोबांची गाडी होती तशीच करायची." आमचे पहिले भांडण झाले आणि गंमत अशी की भाषेची अडचण आली नाही. शेवटी त्याने पट्ट्या काढल्या. "ठीक आहे. रंग?" मी म्हणालो, गडद हिरवा. खात्रीसाठी म्हसळ्याला आपाला फोन लावला. ती म्हणाली, "हिरवी कुठली रे? राखाडी होती. हिरवी शेठच्या भावाची." सत्तर वर्षांचा मी, त्या खुर्चीत बसलेलो, आणि अब्बांच्या गाडीचा रंग मला माहीत नव्हता.

त्याहून मोठी अडचण नातवानेच शोधली. फोटोतल्या काचेतून स्टिअरिंग दिसत होते. उजवीकडे. किटमध्ये डावीकडे.

मी त्याला शिवडी सांगितली. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला होता. समुद्रापलीकडून सुट्या भागांच्या पेट्या येत आणि गाड्या तेथे जोडल्या जात. 1954 मध्ये ते बंद झाले. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे ती पण किट होती?" हे मला एवढ्या वर्षांत सुचले नव्हते.

जशीच्या तशी गाडी हवी म्हणणाऱ्या दादाजानला अशा रीतीने कस्टम करावे लागले. डॅशबोर्डचे तीन तुकडे केले. डावीकडची घड्याळे उजवीकडे, उजवीकडचा कप्पा डावीकडे, मधला तुकडा जागच्या जागी. फटी भरल्या, कागदाने घासल्या. स्टिअरिंगच्या दांड्याचे जुने भोक बुजवून नवे पाडले. पेडल सरकवली. काचेवरचे वायपरही उलटे केले, ते मला सुचले. अब्बा पावसाळ्यात त्यांच्या रबराला फार जपत. आठ रात्री गेल्या. एक डॅशबोर्ड फुकट गेला, तेव्हा पोराने स्वतःच्या पैशांतून दुसरे किट आणले आणि मला आईला सांगू नका म्हणाला. मी सांगितले नाही.

एक गोष्ट राहिलीच. शेठची गाडी चार दारांची होती. किटमधली बेल एअर दोन दारांची. चार दारांची किट्स फारशी निघतच नाहीत, पोरांना ती आवडत नाहीत. नातू म्हणाला, मागची दारे कोरता येतील, छप्पर आणि खांब नव्याने करावे लागतील, पण येतील. एकोणीस वर्षे अब्बा आधी उतरत, वळसा घालत आणि ते मागचे दार उघडून उभे राहत.

"राहू दे," मी म्हणालो.

"मग शेठ कुठे बसणार?"

"पुढे बसेल."

त्याने छोट्या आसनाकडे पाहिले. "पणजोबांच्या शेजारी?"

"तेवढीच जागा आहे ना."

मार्चमध्ये मी निघालो तेव्हा बॉडीवर फक्त राखाडी अस्तर होते. थंडीत रंग नीट धरत नाही, म्हणून वरचा रंग त्याने उन्हाळ्यासाठी ठेवला आहे. हिरवा की राखाडी, ते तोच ठरवणार. परवा व्हिडिओ कॉलवर त्याने गाडी दाखवली. हातात पातळ मोजे होते.