पेरूचा बेत
आपले कळसूबाई १,६४६ मीटर उंच. पेरू देशातील कुस्को नगर त्याच्या दुपटीहून अधिक, सुमारे ३,४०० मीटरांवर! तेथील विरळ हवा आजीस सोसेल काय, या एकाच चिंतेने आमचा चार दिवसांचा बेत पार बदलला. विमानातून उतरताच आम्ही खाली उरुबांबा नदीच्या खोऱ्यात जाणार. पहिला दिवस निव्वळ विसाव्याचा. पिसाकला डोंगरावरील इंकांचे भग्नावशेष आम्ही चढून पाहू, तोवर आजी खालच्या बाजारात लोकरी शाली न्याहाळील. माचू पिच्चूस मात्र ती येणारच. ते कुस्कोहून बरेच खाली, सुमारे २,४३० मीटरांवर आहे. पायऱ्या तेवढ्या पुष्कळ! कुस्को अखेरीस, हवा अंगवळणी पडल्यावर. डॉक्टरांनी होकार दिला आहे. आजीचा प्रश्न एकच : "तेथे भावात घासाघीस चालते ना?"