माणशी किती हंडे?

पावसाळा लागला की वर्तमानपत्रात दोन शब्द रोज भेटतात, टीएमसी आणि क्युसेक. अमुक धरणात इतके टीएमसी साठा, तमुक नदीत इतक्या क्युसेकने विसर्ग. आपण वाचतो आणि पान उलटतो. आकडा मोठा आहे एवढे कळते, पण किती मोठा, ते कळत नाही. मी गणित शिकवत नाही, उर्दू आणि मराठी शिकवतो. तरीही मला वाटते, हा प्रश्न जितका गणिताचा आहे तितकाच भाषेचा आहे.

उपमेला उर्दूत तशबीह म्हणतात. मराठीतले उपमेय म्हणजे उर्दूतले मुशब्बह आणि उपमान म्हणजे मुशब्बह बिही. उपमान ऐकणाऱ्याच्या ओळखीचे असावे, ही दोन्हीकडची साधी गरज. चंद्र कधी न पाहिलेल्या माणसाला चंद्रासारखा चेहरा सांगून काय उपयोग? इंग्रजी बातम्यांत पाणी ऑलिम्पिकच्या जलतरण तलावांत मोजतात. तो तलाव ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल, म्हणजे २५ लाख लिटरचा. कणकवलीतल्या माझ्या मुलांनी तो पाहिलेला नाही. त्यांनी विहीर पाहिली आहे, गड नदीचा कोंड पाहिला आहे आणि रोज घरातला हंडा पाहिला आहे.

आपल्या जुन्या लोकांना हे चांगले ठाऊक होते. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी. भात मोजायचे ते भांड्याने. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली, तरी घराघरांत पायली राहिली, कारण ती डोळ्यांसमोर असते.

दीनी मापांतही हेच दिसते. मुद् म्हणजे मध्यम माणसाच्या दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल तेवढे. चार मुद् मिळून एक साअ. आपण फितरा देतो तो याच मापाने. हदीसमध्ये येते की पैगंबर (स.) एका मुद् पाण्यात वुजू करत. मुद् आजच्या हिशेबात पाऊण लिटरच्या आतबाहेर. म्हणजे एका हंड्यात अठरा-वीस जणांचे वुजू व्हायला हवेत. नळ सोडून वुजू करताना आपल्या एकट्याचे किती हंडे जातात, ते एकदा बादली ठेवून पाहा.

कोकणातले आपण बहुतेक शाफई. आपल्या फिकहमध्ये 'जास्त पाणी' म्हणजे किती, याचे उत्तर कुल्लतैन, म्हणजे दोन मोठे रांजण. एवढे पाणी असले तर त्यात नजासत पडूनही, रंग, वास किंवा चव बदलली नाही तोवर ते नापाक होत नाही. आलिमांचे लिटरमधले आकडे थोडे वेगवेगळे आहेत, पण ते दोनशे लिटरच्या मागेपुढे येतात. मुलांना मी सांगतो, तुमच्या मागच्या दारी निळा प्लॅस्टिकचा ड्रम आहे ना, साधारण तेवढे. मग पुन्हा विचारावे लागत नाही.

वर्गात एकदा आम्ही बांबूच्या काठ्या सुंभाने बांधून एक मीटर लांब, रुंद आणि उंच असा सांगाडा केला. यात किती हंडे पाणी मावेल? कुणी दहा म्हणाले, कुणी पंधरा. सर्वांत धीट मुलगा वीस म्हणाला. त्यात मावते १००० लिटर. आमचा हंडा १४ लिटरचा, म्हणजे ७१ हंडे. लांबी डोळ्याला कळते, घनफळ मात्र फसवते. तिन्ही बाजू दुप्पट केल्या तर पाणी दुप्पट नव्हे, आठपट मावते.

आता क्युसेककडे येऊ. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८.३ लिटर. म्हणजे सेकंदाला दोन हंडे. पन्नास हजार क्युसेक विसर्ग म्हणजे दर सेकंदाला एक लाख हंडे नदीत ओतले जात आहेत. नदीकाठच्या घराला हे वेळेत कळले, तर सामान वर चढवायचे की माणसांसह निघायचे, हे ठरवता येते.

टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २८३२ कोटी लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले तर २८ लाख टँकर. पण पुन्हा लाख आलेच, डोळ्यांपुढे काही आले नाही. त्यापेक्षा एक किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद मळा घ्या आणि पाणी एखाद्या उंच माडाच्या शेंड्याच्याही वर, २८ मीटरपर्यंत चढवा. तो एक टीएमसी. कोयना धरणात असे १०५.

फार वाटते ना? मग हे पाणी वाटून पाहू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती. काठोकाठ भरलेले कोयना धरण या सर्वांना वर्षभर पुरवले, तर माणशी रोज पाच हंडे येतात. त्यात शेती नाही, वीज नाही, गुरे नाहीत. मोठा आकडा पसरून उंची पाहिली की अफाट दिसतो आणि माणसांत वाटला की एवढासा होतो. दोन्ही खरे आहे. फक्त एकच बाजू सांगणाऱ्याला दुसरी विचारावी.

असा प्रश्न मी इकडच्या एका वाडीच्या बैठकीत ऐकला. ५० हजार लिटरची टाकी होणार म्हणून सगळे खूश होते. मागे बसलेल्या एका बाईने विचारले, "ता लिटराचा ऱ्हवांदे. माका दिसाक किती हंडे गावतले ता सांगा." घरे दीडशे, माणसे साडेसातशे. टाकी रोज भरली तर माणशी ६६ लिटर, पाचेक हंडे. पण पाणी सोडणार एक दिवसाआड. म्हणजे दिवसाला ३३ लिटर, जेमतेम अडीच हंडे. जलजीवन मिशनचे माप माणशी ५५ लिटरचे, चार हंड्यांचे. बैठकीचा रंगच बदलला. टाकी किती मोठी हे कुणी विचारेना, ती किती वेळा भरणार ते विचारू लागले.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात वाड्यांवर बाया हंडे घेऊन लांब जातात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पन्नास चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला दीड लाख लिटर पडते. पाच माणसांच्या घराला, माणशी ५५ लिटरने, ते दीड वर्ष पुरेल. सगळे साठवायची गरजही नाही. मार्च ते मे या नव्वद दिवसांना लागते सुमारे २५ हजार लिटर. त्यासाठी केवढी टाकी हवी? दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच. आपल्या घरातली एक लहान खोली.

अशी टाकी बांधायला पैसे लागतात आणि वाडीतल्या बहुतेक घरांकडे ते नाहीत. पण मागायला जाताना 'पाण्याची सोय करा' असे म्हणण्यापेक्षा 'घरटी एका खोलीएवढी टाकी द्या' असे म्हणता येईल. त्या मागणीला लांबी आहे, रुंदी आहे, उंची आहे. ती पुरी झाली की नाही, हे कुणालाही फूटपट्टी लावून पाहता येईल.