डायनोचा कागद

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका गॅरेजात मी अकरा वर्षं काढली. त्यातली शेवटची सहा डायनोवर. गावी कुणी विचारलं, "नक्की काम काय करतोस?" तर मी सांगायचो, गाड्यांची ताकद मोजतो. समोरचा हसायचा. माझ्या खालेने एकदा विचारलं होतं, "म्हणजे बैल घेण्याआधी त्याला जुंपून बघतात, तसं?" मी हो म्हणालो. आजही त्याहून सोपं उत्तर मला देता येत नाही.

याच खालेच्या धाकट्या मुलाची ही गोष्ट आहे. थोडी माझीही आहे, आणि ती सांगताना मला अजून अवघड वाटतं.

२०१३ साली त्याने जुनी निसान ३५०झेड घेतली. २००४चं मॉडेल, सहा गियर, साडेतीन लिटरचं व्ही-सिक्स इंजिन. दापोलीकडच्या घराचा स्लॅब घालायला म्हणून तो दोन वर्षं पैसे साठवत होता. त्यातलेच बरेचसे या गाडीत गेले. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, कारण मी गाड्यांमधला. मी त्याला ओरडलो नाही. गाडी बघितली, बॉनेट उघडलं आणि मीही तासभर तिथेच रमलो. त्यामुळे पुढच्या उपदेशाचा माझा हक्क तिथेच संपला होता.

ऑगस्टमध्ये त्याने गाडी दुसऱ्याच एका गॅरेजात डायनोवर चढवली. माझ्याकडे का नाही आणली? आमचे दर जास्त होते, आणि आपल्या माणसाकडून सूट मागायची त्याला लाज वाटली असावी. तिथे मागच्या चाकांवर २२२ हॉर्सपॉवर मिळाले. मग त्याने इनटेक प्लेनमखाली स्पेसर बसवला. या इंजिनाच्या प्लेनमचं झाकण पुढे उतरतं, त्यामुळे पुढच्या दोन सिलिंडरना हवा जरा अडखळत मिळते. स्पेसरने जागा वाढते. दुखणं खरं आहे आणि उपाय स्वस्त. मग हेडर्स, मग मागची सगळी एक्झॉस्ट लाईन, वर १९ इंची चाकं. जानेवारीत आणखी एका ठिकाणी ईसीयूचं ट्यूनिंग करून घेतलं, आणि तिथल्या डायनोने आकडा दिला २५५.

कागद घेऊन तो रात्री माझ्या खोलीवर आला. "भाईजान, ३३ घोडे वाढले! २५५ला ०.८५ने भागलं की इंजिनवरचे बरोबर तीनशे." आता सुपरचार्जर लावायचा होता. किटसाठी बँकेचं कर्ज जवळजवळ मंजूर झालं होतं. मला फक्त "हो, लाव" म्हणायचं होतं.

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. कुठलाही डायनोचा कागद हातात आला की मी आधी मोठा आकडा बघतच नाही. टॉर्क आणि पॉवरच्या रेषा एकमेकींना कुठे छेदतात ते बघतो. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ५२५२, त्यामुळे फूट-पाऊंड आणि हॉर्सपॉवर एकाच मापावर काढले असतील तर दोन्ही रेषा ५२५२ आरपीएमलाच भेटतात. तिथे नाही भेटल्या, तर कागदात काहीतरी गडबड आहे. इथे भेटत होत्या. कागद बनावट नव्हते, आणि खोटं बोलायला बनावट कागद लागतही नाही.

मग मी तळाचं बारीक अक्षर वाचलं. ऑगस्टच्या कागदावर होतं 'अनकरेक्टेड'. तापमान ४२ अंश, हवेत दमटपणा भरपूर. जानेवारीच्या कागदावर 'एसटीडी', तापमान २२, आणि 'स्मूदिंग ५'.

इंजिन हवा खातं. गरम, दमट हवा विरळ असते. तेवढ्याच घोटात कमी प्राणवायू. म्हणून डायनोचं सॉफ्टवेअर मिळालेला आकडा एका ठरावीक हवामानावर आणून ठेवतं. एसएई नावाची पद्धत २५ अंश आणि जरा कमी दाबाची कोरडी हवा धरते. एसटीडी ही जुनी पद्धत १५.५ अंश आणि समुद्रसपाटीचा पूर्ण दाब धरते, म्हणून तोच रन एसटीडीवर चारेक टक्क्यांनी फुगलेला दिसतो. अमेरिकेतले जुने हॉटरॉडवाले आणि आमच्यासारखी दुकानं, दोघांनाही ती प्यारी.

मी कागदाच्या पाठीवर हिशेब मांडला. ऑगस्टच्या त्या हवेला एसएईचा गुणक साधारण १.०७. म्हणजे २२२ नव्हे, २३७. जानेवारीचे २५५ एसटीडीवरून एसएईवर आणले की २४४-२४५. तेहतीस घोड्यांतले उरले सात-आठ. बाकीचे हिवाळ्याने आणि छपाईने दिले होते.

"आणि तुझाच ०.८५चा हिशेब लावायचा, तर ऑगस्टमध्ये तुझं इंजिन २६१चं होतं. निसानने २८७ सांगितलंय. मधले २६ कुठे गेले?"

तो काही बोलला नाही. गियरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये किती ताकद जाते याचा एक ठरलेला टक्का नसतो. तेल किती तापलंय, टायरमध्ये हवा किती, पट्टे किती आवळलेत, कुठल्या गियरमध्ये रन घेतला, या सगळ्याने तो हलतो. चाकांवर जे मोजलं ते चाकांवरचंच ठेवावं. पण तीनशे हा आकडा दोस्तांत सांगायला किती गोड लागतो, तेही मला ठाऊक होतं.

त्याच्या बाजूने बोलायच्या गोष्टीही होत्या, आणि त्या मी सांगितल्या. दोन डायनो वेगळे, त्यामुळे त्यांची तुलनाच कच्ची. ३५ अंशांच्या पुढे दुरुस्तीचं सूत्रही फारसं भरवशाचं राहत नाही. शिवाय मधे १९ इंची जड चाकं लागली होती. आमच्यासारख्या डायनोवर गाडी एक जड रोलर फिरवते, आणि तो किती झपाट्याने वेग घेतो त्यावरून ताकद काढली जाते. चाकं जड असली तर काही ताकद ती चाकं फिरवण्यातच खर्ची पडते आणि आकडा कमी येतो. म्हणजे खरी वाढ आठ नसून बाराही असू शकेल. पण तेहतीस नाही.

"तुम्हाला माझं काही चांगलं बघवत नाही," असं म्हणून तो उठून गेला. कागद मात्र माझ्याकडेच राहिले.

आता माझी बाजू. हे सगळं मला इतकं झटकन दिसलं, कारण हेच मी स्वतः केलं होतं. डायनोवर आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात सेठने मला दोन गोष्टी शिकवल्या. बदल करण्याआधीचा रन दुपारी घ्यायचा, नंतरचा रात्री. आणि हवेचं तापमान मोजणारा प्रोब गाडीच्या रेडिएटरजवळ सोडून द्यायचा. प्रोबला ४२ऐवजी ६० अंश दिसले की सॉफ्टवेअर बिचारं इंजिनाची दया येऊन तीन टक्के फुकट वाढवून देतं. खोटा आकडा टाइप करायची गरज नाही, हात स्वच्छ. दोन-अडीच वर्षं मी असे कागद छापले. गिऱ्हाईक खूश, सेठ खूश. पुढे गॅरेज दुसऱ्याने घेतलं, नव्या मालकाने प्रोबला भिंतीवर खिळा मारून जागा ठरवून दिली, तेव्हा ते थांबलं. मी स्वतः थांबवलं नव्हतं. त्या रात्री खालेच्या मुलाला हिशेब समजावताना हे मी त्याला सांगितलं नाही.

तो गेल्यावर मी कागद पुन्हा बघत बसलो. जानेवारीची टॉर्कची रेषा फार गुळगुळीत होती. स्मूदिंग पाच म्हणजे सॉफ्टवेअर आजूबाजूच्या मोजमापांची सरासरी काढून रेषेला इस्त्री करतं. दिसायला छान. पण इंजिन कुठे दुखतंय ते रेषेच्या बारीक दातांमध्येच दिसतं. शिवाय हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणाची रेषा त्या कागदावर छापलेलीच नव्हती. गाडी ट्यून झाली थंडीत, आणि त्याच्या बोलण्यातून मला आठवलं की पैसे वाचवायला तो ९८चं सुपर न भरता ९५चं स्पेशल भरतो. मे महिना पुढे येत होता. सात घोडे की तेहतीस, हा वाद मग मला बिनमहत्त्वाचा वाटायला लागला.

फोन उचलला नाही त्याने. तीन आठवडे. शेवटी मी खालेला फोन केला आणि गाडीचं नाव न काढता एवढंच म्हणालो, "त्याला सांगा, शुक्रवारी माझ्याकडे जेवायला ये." आईचा निरोप कुणी टाळत नाही.

मार्चमधला शुक्रवार, गॅरेज बंद, नव्या मालकाची परवानगी घेतलेली. हवा तीस अंशांच्या आसपास. आमचा फिलिपिनो ट्यूनर सुट्टी असून थांबला, बिर्याणीच्या बोलीवर. गाडी रोलरवर चढवली, पट्टे आवळले, समोर मोठा पंखा. पाचवा गियर, कारण या गाडीत एकास एक प्रमाण पाचव्यात आहे. एसएई, स्मूदिंग शून्य. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर.

जुना ईसीयू मॅप त्याने जपून ठेवला होता, तो आधी टाकला. तीन रन : २३६, २३५, २३६. मग जानेवारीचा मॅप. पहिला रन २४३. त्याचा चेहरा उजळला. मी काही बोललो नाही, दुसरा रन घेतला. २३९. तिसरा, २३४.

"हे उतरतंय का?"

पडद्यावर दाखवलं. ४८०० ते ५४०० आरपीएमच्या मधे टॉर्कची रेषा करवतीसारखी दातेरी झाली होती. इंजिन तापलं की तिथे पेट्रोल वेळेआधीच पेटत होतं. नॉक सेन्सरला ते ऐकू येत होतं आणि ईसीयू घाबरून इग्निशन मागे ओढत होता. वरच्या टोकाला मिश्रण १३.६पर्यंत पातळ झालेलं. अशा इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर १२.८च्या आसपास असलेलं बरं. जानेवारीच्या ट्यूनरने थंड इंजिनावरचा पहिला, सगळ्यात मोठा रन छापून दिला होता. हीच गाडी जुलैत ९५चं पेट्रोल भरून खोरफक्कानच्या चढाला लावली असती, तर सेन्सरच्या भरवशावर किती दिवस टिकली असती कुणास ठाऊक. आणि त्यावर सुपरचार्जर. या जुन्या व्हीक्यू इंजिनाचे कनेक्टिंग रॉड जास्त दाबाखाली वाकतात, हे धंद्यातल्या पोरालाही माहीत असतं.

आणखी एक गोष्ट त्याला तिथेच दिसली. ३००० आरपीएमला हेडर्सनी टॉर्क कमी केला होता. रोज कामावर जाता-येता गाडी तिथेच फिरते, सहा हजारांवर नाही. "मला वाटायचंच, गाडी खाली जरा मेल्यासारखी झालीय," तो म्हणाला. "पण कागदावर तर वाढलं होतं."

संध्याकाळपर्यंत काम चाललं. टाकी रिकामी करून ९८ भरलं. ट्यूनरने मधल्या पट्ट्यात इग्निशन दोन अंश मागे घेतलं, वर पेट्रोल वाढवलं, थोडं खालीही सुधारलं. शेवटचे तीन रन : २४१, २४१, २४०. पहिल्यापेक्षा दोनने कमी, पण तिन्ही एकसारखे. आमच्या डायनोवर तशीही एक-दोन टक्क्यांची डुलकी धरावीच लागते. दोन-तीन घोड्यांचा फरक हा फरकच नसतो. रेषेतले दात गेले होते.

बिर्याणी खाताना मी त्याला प्रोबची गोष्ट सांगितली. रेडिएटर, दुपारचे रन, सगळं. तो बराच वेळ हाड चोखत बसला.

"किती जणांना दिले असे कागद?"

"मोजले नाहीत."

"मग मला का नाही दिला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ट्यूनरला मराठी येत नव्हतं, तो आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता.

कर्ज त्याने घेतलं नाही. गाडी आणखी दोन वर्षं वापरली, मग विकली. स्लॅब पडला २०१६च्या उन्हाळ्यात. पण त्या शुक्रवारी, गाडी रोलरवरून उतरवल्यावर, मी शेवटच्या रनचा कागद छापायला घेतला तर तो माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"भाईजान, एक कॉपी एसटीडीवर छापाल का? दोस्तांना दाखवायला."

मी दोन्ही छापले. एसटीडीच्या कागदावर आकडा आला २५०. स्मूदिंग मात्र शून्यच ठेवलं.