काठी उभी राहते तेव्हा

पंचांगाचे वर्ष चैत्रात सुरू होत असले, तरी कोकणच्या दर्यावर्द्याचे वर्ष नारळी पौर्णिमेला सुरू होते. त्या दिवशी समुद्राला नारळ दिला की दर्या उघडला, अशी आपणा शहरी माणसांची समजूत. यंदा गणपतीच्या सुटीला जोडून विजयदुर्गास चार दिवस राहण्याचा योग आला आणि कळले, की नारळ दिल्यावरही होडीला पाण्यात जाण्याआधी बरेच सोपस्कार असतात.

होडीची डागडुजी हा विजयदुर्गास थेट इतिहासाचा विषय आहे. १७५६ च्या फेब्रुवारीत तुळाजी आंग्र्यांचे आरमार इथेच जळाले. पुढे धुळपांच्या हाताखाली पेशव्यांचे आरमार इथून वावरू लागले. जवळच गिर्ये येथे खाडीकाठी खडक फोडून केलेली मराठ्यांची गोदी आहे. भरतीच्या पाण्यावर गलबत आत घ्यायचे, पाणी ओसरले की कोरड्यात दुरुस्त करायचे. लढाई समुद्रावर होई. तिची तयारी मात्र या चिखलात.

आम्ही उतरलो होतो त्या घरामागे, झावळ्यांनी शाकारलेली एक उलांडीची होडी होती. धक्क्यावरच्या बहुतेक होड्यांना आता इंजिने आहेत. ही मात्र शिडाची. मालक सत्तरी ओलांडलेले तांडेल. पावसाने उघडीप दिली, की त्यांचे काम सुरू होई. फळ्यांच्या फटींत कापसाची वात ठोकून बसवायची, वरून राळ आणि तेल भरायचे. मग सगळ्या अंगाला माशाचे तेल. त्या वासाने माझी मुले पळाली. मी बसून राहिलो.

पुढे शिडाची पाळी आली. ऐनाची साल उकळलेल्या पाण्यात कापड पूर्वीच मुरवलेले होते, त्याचा रंग विटकरी झाला होता. तांडेलांनी ते अंगणात पसरले, शिवण न् शिवण बोटांनी चाचपली. दोन बांबू एकमेकांना घट्ट बांधून केलेल्या लांबलचक परबाणाला शिडाची वरची कड बांधली. जुन्या काथ्याच्या दोराचा एक पेड उसवून पाहिला आणि दोर बाजूला टाकला. "मास्तरानू, दोर तुटता तो दर्यात. म्हणान तो हयच बघूचो," ते म्हणाले.

मुंबईहून आलेला त्यांचा नातू हे सारे उभ्याउभ्या पाहत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "आजोबानू, ह्याका आठ दिस जातत. इंजान एका दिसात लागता. पैसे मी देतंय."

तांडेल गाठ मारीत राहिले. गाठ पुरी झाल्यावर म्हणाले, "लाव इंजान. माझा ना नाय. पण भायर गेल्यार ता बंद पडला, तर वल्ह्यान किती येतलस? वारो घराकडे येतच असता, पण शीड होया."

त्यांच्या बोलण्यात भूगोल होता. पावसाळा सरला, की पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो आणि होडी बाहेर नेतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो आणि तिला घरी आणतो. रोजची ही जा-ये फुकट आहे. अट एकच, शीड तयार हवे.

डोलकाठी उभी करणे एकट्याचे काम नव्हे. तांडेलांनी बुंधा खोबणीत धरला. नातवाने चपला काढल्या आणि दोर हाती घेतला. काठी किंचित पुढे झुकलेली ठेवायची असते. नातवाने ती सरळ उभी करताच म्हातारा ओरडला. तीनदा ओरडल्यावर ती हवी तशी बसली. संध्याकाळी खाडीत शीड चढले, वाऱ्याने फुगले, आणि सुकाणू नातवाच्या हाती होते. तांडेल त्याला काही सांगत नव्हते. फक्त शिडाकडे पाहत होते.

परवा त्यांना फोन केला. नातू मुंबईस परतला आहे, दिवाळीला येणार आहे. होडीला इंजिन लागले आहे.

"आणि काठी?" मी भीतभीतच विचारले.

"काठी उभी हा. शेजारचो झील येता दोर धरूक," तांडेल म्हणाले. "मतलई सुटली, मास्तरानू. आता फोन ठेवतंय."