पदकाची मागची बाजू

जुनी पदके जमविण्याचा छंद धर्मगुरूला कितपत शोभतो, असे स्नेही मला विनोदाने विचारतात. उत्तरादाखल मी त्यांच्या तळहातावर तांब्याचे एक पदक ठेवतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका धर्मग्रामस्थाने ते मला दिले.

ते 1766 सालचे आहे. पुढे विल्यम पिट या ब्रिटिश मुत्सद्द्याची मुद्रा. मागे केवळ मजकूर. मातेला तारून तिच्या लेकरांसाठीही ज्याने यशस्वी रदबदली केली तो हा पुरुष, असा त्याचा आशय. माता म्हणजे ब्रिटन, लेकरे म्हणजे अमेरिकेतील वसाहती. फ्रान्सविरुद्धच्या सात वर्षांच्या युद्धात पिटने देशाला विजयाकडे नेले होते. पुढे 1765 साली संसदेने वसाहतींवर स्टॅम्प कर लादला. वर्तमानपत्रे, दस्तऐवज, खेळायचे पत्तेदेखील त्यातून सुटले नाहीत. जानेवारी 1766 मध्ये पिटने संसदेत या कराला कडाडून विरोध केला आणि मार्चमध्ये तो रद्द झाला. वसाहतींत आनंदीआनंद झाला. न्यूयॉर्क व चार्ल्सटन येथे 1770 साली पिटचे पुतळेही उभे राहिले.

पुढची हकिकत पदकावर नाही. 1766 सालीच पिट पंतप्रधान झाला आणि चॅटहॅमचा अर्ल ही पदवी त्याने स्वीकारली. तो आजारी असताना त्याच्याच मंत्रिमंडळाने 1767 मध्ये वसाहतींवर चहा, काच, कागद यांचे नवे कर बसविले. एप्रिल 1778 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला विरोध करीत असतानाच तो उमराव सभेत कोसळला आणि मे महिन्यात वारला.

मग पदक खोटे ठरले काय? मला तसे वाटत नाही. एका सत्कृत्याचे आभार त्यावर कोरले आहेत आणि ते कृत्य घडले होते. माणसाच्या उभ्या आयुष्याची हमी कोणत्याही धातूला देता येत नाही.

मध्यंतरी आमच्या दफनभूमीच्या रस्त्यासाठी झटलेल्या एका पुढाऱ्याला मानपत्र द्यावयाचे ठरले. मसुद्यात ‘आमचा तारणहार’ असे शब्द होते. ते गाळावेत, असे मी सुचविले तेव्हा काही मंडळी रुष्ट झाली. साहेब दुखावतील, पुढची कामे अडतील, अशी त्यांना भीती होती. परंतु हा शब्द आपण एकासाठीच राखून ठेवला आहे. अखेरीस मानपत्रात रस्ता, वर्ष आणि गावाचे मनःपूर्वक आभार एवढेच राहिले. उद्या ते गृहस्थ बदलले तरी त्यातील एकही अक्षर आपल्याला खोडावे लागणार नाही.