रिकामी गव्हाणी

डिसेंबर उजाडला की आमच्याकडे दोन प्रकारचे संदेश येऊ लागतात. काही 'नाताळच्या शुभेच्छा देणे हराम आहे' असे बजावणारे, तर काही सांताक्लॉज, बर्फ आणि केकची चित्रे असलेले. पहिले पाठवणारे आपलेच असतात. दुसरे पाठवणारेही हल्ली पुष्कळदा आपलेच असतात. ख्रिस्ती माणूस हा सण नेमका कशासाठी करतो, हे मात्र दोन्हींत कुठेच नसते.

आम्ही वसईकडचे. इथे नाताळ ही लांबची गोष्ट नाही. नाताळ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, जन्माशी नाते सांगणारा, आणि मराठीत असा मुरला की कुणाला परका वाटत नाही. शेजारच्या वाडीत सणाआधीचे चार आठवडे 'आगमनकाळ' पाळतात. हे दिवस वाट पाहण्याचे आणि आपले मन तपासण्याचे. मुले भाताच्या पेंढ्याचा गोठा रचतात, त्यात मरिया, योसेफ, गाय, गाढव, मेंढपाळ मांडतात. गव्हाणी मात्र चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी असते. आमच्या धाकटीने एकदा विचारले, "बाळ हरवलं का?" तेव्हा शेजारच्या मावशी हसून म्हणाल्या, "हरवलं नाही गं, अजून यायचंय." बाजारात नोव्हेंबरपासूनच सगळे आलेले असते, एक बाळ सोडून.

हा गोठा लोकांसमोर मांडण्याची प्रथा असिसीच्या संत फ्रान्सिसशी जोडली जाते. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्याने खरी गव्हाणी, खरा चारा, खरा बैल आणि गाढव आणून नाताळ साजरा केला. येशू किती गरिबीत जन्मला, ते लोकांनी डोळ्यांनी पाहावे, हा हेतू. (हाच फ्रान्सिस १२१९ साली, क्रुसेडची लढाई चालू असताना, इजिप्तमध्ये सुलतान मलिक अल-कामिलला भेटायला गेला होता आणि सुखरूप परतला. आपल्या मुलांना क्रुसेडच्या लढाया सांगताना ही भेटही सांगायला हवी.)

ख्रिस्ती श्रद्धा अशी की साऱ्या सृष्टीचा मालक आपले ऐश्वर्य सोडून माणूस झाला, आणि तोही राजवाड्यात नव्हे, जनावरांच्या दावणीत. कारण सराईत त्याच्या आईबापांना जागा नव्हती. ही खबर पहिल्यांदा मिळाली ती रात्री रानात मेंढरे राखणाऱ्यांना. पुढे हेरोद राजाच्या भीतीने ते कुटुंब बाळाला घेऊन इजिप्तला पळाले. ज्यांना हे मुळातून मराठीत वाचायचे असेल त्यांच्यासाठी आमच्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे 'सुबोध बायबल' आहे.

इथे आमची वाट वेगळी होते, आणि ती वेगळी आहे हे सांगायला संकोच कशाला? हजरत ईसा अलैहिस्सलाम आमच्यासाठी अल्लाहचे पैगंबर आहेत, अल्लाहचा पुत्र नव्हेत. पण कुरआनातली एक अख्खी सूरह बीबी मरियमच्या नावाने आहे, आणि कुरआनात नावाने उल्लेख झालेली स्त्री ती एकच. तिथे गोठा नाही, खजुराचे झाड आहे. कळांनी व्याकूळ झालेली, लोकनिंदेला भ्यालेली एकटी बाई त्या खोडाशी येते, आणि तिच्या पायाशी झरा वाहतो, वरून पिकले खजूर पडतात. दोन कथा दोन आहेत. 'शेवटी सगळे एकच' म्हणून त्यांचा काला करणारे भाषण आम्हाला आवडत नाही. त्यात शेजाऱ्याची श्रद्धाही बुडते आणि आपलीही.

कुणी आमच्या रमजान ईदला 'शीरखुर्म्याचा सण' म्हटले की आम्हाला कसेसेच होते. महिन्याचे रोजे, आणि नमाजला उभे राहण्याआधी गरिबाच्या घरी पोचवायचा फित्रा, हे त्याच्या नजरेतून सुटलेले असते. (आपल्यातल्या काहींच्या नजरेतूनही सुटते, तो विषय वेगळा.) मग ज्याच्या घरी गव्हाणी आहे, त्याला 'केकचा सण' ऐकताना काय वाटत असेल?

सांताक्लॉजचे मूळही आज कुणाला आठवत नाही. चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप निकोलस. हुंड्याअभावी अडलेल्या तीन बहिणींच्या घरात त्याने रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, ही शिकवण इंजीलमध्ये आहे आणि हदीसमध्येही. त्या निकोलसचा पुढे लाल डगल्यातला विक्रेता झाला. डिसेंबर २०२१ मध्ये आग्र्यात सांताक्लॉजचे पुतळे जाळण्यात आले. जाळणाऱ्यांनाही नाताळ म्हणजे सांताच वाटला असावा!

दिवे, झाड, बाजार हे सगळे काढून टाकले तर नाताळात काय उरते, ते ज्या गावी येशूचा जन्म झाला त्या बेथलेहेमनेच दाखवले. गाझातल्या संहारामुळे २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी तिथल्या ख्रिस्ती लोकांनी रोषणाई केली नाही, चौकात झाड उभारले नाही, फक्त प्रार्थना केल्या. २०२३ साली तिथल्या लुथरन चर्चमध्ये गोठ्याऐवजी काँक्रीटचा ढिगारा रचला होता, आणि त्या ढिगाऱ्यात कफियात गुंडाळलेले बाळ ठेवले होते. जन्मस्थानाच्या चर्चसमोर जो चौक आहे त्याचे नावच गव्हाणी चौक. त्याच्या एका बाजूला ते चर्च, आणि समोर हजरत उमर यांच्या नावाची मशीद. त्या दोन वर्षी चौकाच्या दोन्ही बाजूंना अंधार होता.